कुलूपबंद घरं आणि भगोरिया

सोमवार

होळीच्या आदल्या आठवड्यात झाबुआकडे आरोग्याच्या सर्वेक्षणाला कोणी जात नाही. कचेऱ्या अर्ध्या रिकाम्या असतात, गाडी मिळत नाही, मिळाली तर ड्रायव्हर दुप्पट भाडं सांगतो, आणि ज्याला प्रश्न विचारायचे तो बाजारात ढोल बडवत असतो. आम्ही मुद्दाम हाच आठवडा धरला. डिसेंबरात याच फलियांमधून, म्हणजे वस्त्यांमधून, फिरलो तेव्हा यादीतल्या घरामागून घराला कुलूप होतं. माणसं गुजरातेत गेलेली. कोणी सुरतेला बांधकामावर, कोणी मोरबीला टाइल्सच्या कारखान्यात, कोणी सौराष्ट्रात कापूस वेचायला. दिवाळीनंतर घर सोडून गेलेला भिल्ल किंवा भिलाला मजूर एका गोष्टीसाठी हमखास परततो, ती म्हणजे भगोरिया, होळीआधीचा बाजार. नंदुरबारकडच्या वाचकांना भोंगऱ्या बाजार म्हटलं की लगेच उमगेल.

आईला हे कारण पटलं नाही. "अगं, घरात पुरण शिजायच्या वेळेला तू निघालीस कुठे? बाकीच्यांना घरदार नाही का?" बाकीच्यांच्या घरीही हेच संवाद झाले होते, हे जीप इंदूरच्या रामबागेतून निघाल्यावर कळलं. शनिवारी परत येते, रविवारी होळीला घरीच आहे, असं कबूल करून सुटले.

धारला पोहे खाल्ले. इंदूरबाहेरच्या पोह्यांत जीरावण मसाला कमीच पडतो, अशी आम्हा इंदूरकरांची पक्की समजूत आहे आणि ती बदलावी असं काही धारला घडलं नाही. पुढे सरदारपूर, राजगड, माछलिया घाट. झाबुआ जवळ आलं तशी समोरून गर्दी वाढली. गुजरात पासिंगच्या पिकअप गाड्या, टपावर गोधड्या, पातेली, एखादा नवाकोरा स्पीकर, आणि त्या सगळ्यावर बसलेली पोरं. डिसेंबरात आम्ही ज्यांना शोधत होतो ती माणसं गाडीच्या टपावरून आमच्याकडे बघत चालली होती.

रात्री लॉजवर याद्या काढून बसलो. झाबुआ जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार शंभरातली सुमारे 87 माणसं आदिवासी, साक्षरता 43 टक्क्यांच्या आसपास. 2008 मध्ये झाबुआतून वेगळा काढलेला शेजारचा अलीराजपूर तर 36 टक्क्यांवर, त्या वेळी देशात सगळ्यांत खाली. गावं निवडायला आमच्या हातात यादी आहे ती अजून 2011 चीच. तिच्यावरून लोकसंख्येच्या प्रमाणात क्लस्टर, म्हणजे नमुन्याची गावं, काढायचे, म्हणजे मोठ्या गावाला निवडलं जाण्याची संधी जास्त. कागदावर पद्धत चोख आहे. त्या यादीत तेव्हा दहा वर्षांची असलेली पोरगी आज दोन लेकरांची आई आहे आणि वर्षातले कितीतरी महिने गुजरातेत तंबूत राहते, हे मात्र कागदाला ठाऊक नाही.

मंगळवार

टीकाकरणाचा, म्हणजे लसीकरणाचा, दिवस. अंगणवाडीत सिस्टर लसींचा डबा घेऊन आलेली, आशा दीदी फलियाफलियातून बायकांना हाका घालून आणणार. डिसेंबरच्या मंगळवारी मी इथेच तिच्या शेजारी बसले होते तेव्हा रजिस्टरात नावं भरपूर आणि समोर बायका मोजक्या. आज उलटं झालं. इतक्या आल्या की रजिस्टरातली पानं कमी पडली, आणि त्यातली निम्मी पोरं दीदीने जन्मल्यापासून पहिल्यांदाच पाहिली.

आमचं काम बाहेर, घरोघर. लसीकरणाच्या सर्वेक्षणाची जुनी, जगभर वापरली गेलेली पद्धत म्हणजे तीस क्लस्टर, प्रत्येकात सात मुलं. गावाच्या मधोमध उभं राहायचं, जमिनीवर पेन फिरवायचं, टोक जिकडे जाईल तिकडचं घर पहिलं, मग त्याच्या सगळ्यांत जवळचं, मग त्याच्या जवळचं. ही पद्धत ज्याने शोधली त्याने भिल्लांचं गाव पाहिलेलं नसावं. इथे गावाला मध्यच नाही. प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, आपापल्या टेकाडावर, आणि 'सगळ्यांत जवळचं' घर म्हणजे एक नाला उतरून पलीकडची चढण. गाव म्हणजे आठ-दहा फलियांची मोळी, आणि दोन फलियांमध्ये कधीकधी एवढं अंतर की मधे दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात गाव बसलं असतं. आम्ही पेन कधीच सोडून दिलं आहे. आधी फलियांची चिठ्ठी काढायची, मग निवडलेल्या फलियातल्या घरांची दीदीला सोबत घेऊन नव्याने यादी करायची आणि त्या यादीतून घरं काढायची. वेळ तिप्पट लागतो, पण टोकाचा फलिया सुटत नाही.

टोकाच्या फलियावर आज एक बाई भेटली. चार दिवसांपूर्वी राजकोटहून आलेली, कडेवर दीड वर्षाची पोर. पोरीचा डावा हात मोकळा केला, खांद्याच्या हाडापासून कोपरापर्यंत माप घेऊन मधोमध पेनने ठिपका दिला, हात सैल सोडायला लावला आणि दंडाची पट्टी गुंडाळली. ही पट्टी घट्ट ओढायची नाही, सैलही ठेवायची नाही, कातडीला नुसती टेकली पाहिजे. पोर रडत असेल तर थांबायचं, कारण दंड ताठ केला की माप बदलतं. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, तिथून साडेबारापर्यंत पिवळं, वर हिरवं. पट्टीच्या खिडकीत लाल दिसलं. दोनदा घेतलं, लालच.

लाल म्हणजे तीव्र कुपोषण, म्हणजे पोषण पुनर्वास केंद्र, साधारण चौदा दिवस मुक्काम, आई सोबत. बाईने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, होळी झाली की ठेकेदाराची गाडी येणार, उचल घेतलेली आहे. उचल म्हणजे आगाऊ पैसे. ते घेतले की जावंच लागतं. दीदी तिच्याशी भिलीत बराच वेळ बोलली. चिडली, हसली, पुन्हा चिडली. शेवटी ठरलं ते असं की सासू पोरीला घेऊन केंद्रात राहील आणि सून कामावर जाईल. पोर अजून आईच्या दुधावर आहे, म्हणजे हा तोडगा अर्धाच, हे आम्हा तिघींनाही कळत होतं. प्रपत्रात यासाठी एकच चौकट आहे: 'संदर्भित केले, होय / नाही'. मी 'होय' लिहिलं.

परतताना दीदीने तिचं रजिस्टर दाखवलं. बाळ जन्मल्यावर तिने घरी जायचे दिवस ठरलेले आहेत: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. या भेटींचं मूळ आपल्याच गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने नव्वदच्या दशकात तिथल्या 39 गावांत साध्या गावातल्या बायांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटलं. 1999 मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि पुढे देशभरातल्या आशांच्या कामात शिरलं. दीदीच्या रजिस्टरात बऱ्याच बाळांपुढे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवसाची टिकमार्क होती आणि पुढे एकच शब्द, 'गुजरात'. एकविसाव्या दिवशी ते बाळ कुठल्यातरी बांधकामावर, साडीच्या झोळीत. तिथल्या आशाच्या यादीत ते नाही, कारण ते तिच्या गावचं नाही. इथल्या यादीत आहे, पण इथे ते नाही.

बुधवार

आज फार थोडी घरं झाली आणि त्याचं मला काही वाईट वाटलेलं नाही.

एका घरी पस्तिशीच्या आतला माणूस खाटेवर बसूनच बोलत होता. आडवं झालं की दम लागतो, म्हणून बसून झोपतो. आमच्या प्रश्नावलीत खोकला, ताप, वजन घटणं यांचे प्रश्न येतात तेव्हा तो म्हणाला, टीबीची गोळी खाऊन झाली, पुन्हा खाल्ली, फरक नाही. कुठे काम करत होतास? गोधऱ्याला, दगडाच्या कारखान्यात. एवढं म्हटल्यावर पुढचं ऐकायची गरज नव्हती, तरी आम्ही ऐकलं.

गारगोटी दळून तिची पूड काच कारखान्यांना पुरवणारे ते कारखाने. झाबुआ, अलीराजपूर, धार इथले मजूर तिथे रोजंदारी जास्त मिळते म्हणून जात. ती पूड श्वासातून आत गेली की फुप्फुसात कायमची राहते, भोवतीचं मांस निबर होत जातं आणि श्वासाला जागा उरत नाही. यालाच सिलिकोसिस म्हणतात. औषधाने बरा होत नाही. त्यातून सिलिका असलेल्या फुप्फुसाला खरोखरचा टीबी होण्याची शक्यताही वाढते, त्यामुळे दोन्ही एकमेकांत असे गुंततात की कामाचं ठिकाण विचारल्याशिवाय डॉक्टरला उलगडत नाही. आणि ओपीडीत कामाचं ठिकाण विचारायला वेळ कोणाला?

त्याच्या म्हाताऱ्या आईने आढ्याला टांगलेली पॉलिथिनची पिशवी काठीने काढली. आत एक्स-रे, एकात एक गुंडाळलेले, दाहोदचे, वडोदऱ्याचे, एक इंदूरच्या एमवाय रुग्णालयाचा. आमच्याबरोबरच्या डॉक्टर मॅडमनी एकेक दाराच्या उजेडात धरला. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक पांढरे ठिपके, खडेमीठ सांडावं तसे, आणि तारखा पुढे सरकतील तसे ते दाट होत गेलेले. मॅडम एरवी फार बोलतात. आज त्यांनी सगळे एक्स-रे तारखेप्रमाणे लावून पुन्हा पिशवीत घातले आणि आईच्या हातात देत म्हणाल्या, "आजी, हे हरवायचं नाही. पैसे मिळायचे तर हाच पुरावा."

पैशांचं खरं आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2010 मध्ये गुजरात सरकारला सांगितलं की इथल्या 238 मृत मजुरांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये द्या, आणि 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. 238 हा आकडा सरकारी दवाखान्याच्या कोणत्याही नोंदवहीतून निघाला नसता. इथल्या संघटनांची माणसं घराघरांत गेली, कोण कोणत्या कारखान्यात किती महिने होतं आणि कधी मेलं हे लिहून आणलं, तेव्हा तो तयार झाला. सार्वजनिक आरोग्याचं संशोधन म्हणून मी वर्गात मुलांना हेच उदाहरण देते. त्यात आकडेमोड फारशी नव्हती, पण यादीत नसलेल्या माणसाला यादीत आणण्याचं काम तेवढं होतं.

दुपारी त्याच घरी डाळ-पानिया. मक्याच्या पिठाचे गोळे पानांत दाबून शेणीच्या निखाऱ्यावर भाजलेले. नको म्हणायची सोय नव्हती आणि इच्छाही नव्हती.

गुरुवार

भगोरिया. आज सर्वेक्षण बंद, असं आम्ही सकाळी ठरवलं आणि अकरापर्यंत ते मोडलं.

बाजाराचं वर्णन किती करायचं? मांदल नावाचे ढोल इतके की एकाचा ताल दुसऱ्यात मिसळून छातीत घुमतो. एकाच कापडाच्या साड्या नेसलेल्या पोरींची रांग, गळ्यात, कमरेला, दंडाला चांदी. गोगल, पान, बर्फाचे गोळे, ताडी, पाळणे. पोरगा पोरीला गुलाल लावून पळवून नेतो वगैरे जे इंदूरचे पेपर दरवर्षी छापतात त्यावर इथली शिकलेली पोरं भयंकर वैतागतात, आणि बरोबरच वैतागतात. होळीआधीचा हा आठवडी बाजार आहे. नवे कपडे, होळीचं सामान, वर्षभराने भेटणारे सगेसोयरे.

बाजाराच्या कडेला आरोग्य खात्याने सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराच्या तपासणीचं, टेबल मांडलं होतं. पांढऱ्या ॲप्रनमधला लॅब टेक्निशियन आणि ढोलांच्या आवाजात त्याचं ओरडणं, "एक बूंद, बस एक बूंद!" बोटातून थेंबभर रक्त काढायचं, नळीतल्या द्रावणात सोडायचं, थोडा वेळ थांबायचं. मग नळीच्या मागे छापील रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकल हिमोग्लोबिन आहे. वाहक की रोगी ते मात्र पुढच्या तपासणीनेच कळतं. मी बराच वेळ नळ्यांमागच्या रेघा बघत उभी राहिले. एका नव्या साडीतल्या मुलीची नळी दुधी झाली, आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो असा की हे आत्ताच लग्न ठरलेल्याला सांगावं लागेल का.

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला रोग होण्याची शक्यता चारात एक. जुलै 2023 मध्ये आपल्याच मध्य प्रदेशात, शहडोलला, सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. त्यात चाळिशीपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करून 2047 पर्यंत हा आजार संपवायचा बेत आहे, आणि लग्नाआधी दोघांची कार्डं जुळवून बघायची कल्पनाही त्यातच येते. टेक्निशियनने तिला नीट, न घाबरवता सांगितलं. मला मात्र वाटत राहिलं की ज्याला रोग आहे त्याचं दुखणं उठतं ते शरीरातलं पाणी आटलं की, थंडी वाजली की, अंगमेहनत जास्त झाली की. म्हणजे नेमकं बांधकामावर. आणि तिथे त्याच्या खिशात ना कार्ड, ना हायड्रॉक्सीयुरियाची, या आजारावरची, गोळी.

त्याच रांगेत, पन्नास पावलांवर, दुसरा दवाखाना जोरात चालू होता. ताडपत्रीखाली खाटा, बांबूला टांगलेल्या सलाइनच्या बाटल्या, खाली पाय लोंबकळत ठेवून पडलेले पेशंट. तो चालवणाऱ्या बिनडिग्रीच्या माणसाला इकडे सगळे बंगाली डॉक्टर म्हणतात, बंगालचा असो वा नसो. गुजरातेतून थकून आलेल्या माणसाला बाटल चढवली की अंगात ताकद येते, हा पक्का विश्वास. आमच्या गटातला नवा मुलगा रागाने लाल झाला. मॅडम म्हणाल्या, "अरे, हा बाजाराच्या दिवशी बाजारात आहे. तू कुठे आहेस?" बाटलीतून काय जातं आणि सुई किती जणांना वापरली जाते याची धास्ती मलाही आहे, आणि मॅडमना तर माझ्याहून जास्त. पण त्यांच्या बोलण्याला उत्तर सुचलं नाही. तिथूनच आमचं सुटीचं ठरलेलं मोडलं. आम्ही झाडाखाली सतरंजी टाकली आणि गुजरातेतल्या दवाखान्यांचे अनुभव विचारत बसलो. लोक स्वतःहून येऊन सांगत होते. घरी जो माणूस दोन शब्दांत उत्तर देतो तो बाजारात पानाचा तोबरा सांभाळत अर्धा तास बोलतो.

शुक्रवार

प्राथमिक आरोग्य केंद्र, रजिस्टरं, फोटो, परवानग्यांच्या सह्या. दुपारी ऊन आणि सगळ्यांची डोकी चढलेली.

आदिवासी भागात उपकेंद्र 3000 लोकांमागे एक, प्राथमिक आरोग्य केंद्र 20000 मागे एक. सपाटीवर तेच 5000 आणि 30000. हे माणशी हिशोब मांडायची सुरुवात स्वातंत्र्याआधीच्या भोर समितीपासूनची. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर तिचे अध्यक्ष, अहवाल 1946 चा, त्यात पहिल्या टप्प्याला 40000 लोकांमागे एक केंद्र. तेव्हापासून आकडे बदलले, गृहीत बदललं नाही: माणूस जिथे नोंदलेला आहे तिथेच तो आजारी पडेल. केंद्रातल्या सिस्टरने हेच फार सोप्या भाषेत सांगितलं. औषधांची मागणी ती वर्षाच्या सरासरीवर करते, म्हणून जानेवारीत गोळ्या उरतात आणि होळीला संपतात.

शनिवार

परतीच्या जीपमध्ये भांडण. संख्याशास्त्र बघणारा आमचा मित्र पहिल्यापासून म्हणतोय की दोन फेऱ्यांचे आकडे एकत्र करता येणार नाहीत. डिसेंबरची लोकसंख्या वेगळी, होळीची वेगळी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण आदल्या रात्री घरात झोपलेल्या सगळ्यांना धरतं, पाहुणा असला तरी. त्याचा पाचवा फेरा आपल्या राज्यात 2020 मध्ये सुरू झाला, टाळेबंदीत थांबला आणि 2021 मध्ये संपला. त्या काळात कोण कुठे झोपलं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंच आहे. आमच्या प्रपत्रात मात्र गेल्या सहा महिन्यांतला निम्म्याहून जास्त काळ घरी राहिला तोच 'कुटुंबातला'. त्या व्याख्येने राजकोटची बाई आणि तिची लाल पट्टीची पोर दोघी आपल्याच घरच्या राहत नाहीत.

माछलिया घाट ओलांडेपर्यंत वाद, धारपर्यंत अबोला. चहाला थांबलो तिथे मित्राने टिश्यूपेपरवर नवे कोड लिहिले. 'कुलूप' हा एक कोड काढून टाकायचा. त्याच्या जागी चार: आज बाहेर; हंगामी मजुरीवर, परत येणार; सगळं कुटुंब कायमचं गेलेलं; घर पडीक. दुसऱ्या कोडच्या घराचं हिशोबातलं वजन वेगळं धरायचं, शेजाऱ्याकडून फक्त माणसं, वयं आणि ठिकाण लिहून घ्यायचं, आणि त्याच घरी पुन्हा जायचं. जवळचं उघडं घर बदली म्हणून घ्यायचं नाही, कितीही मोह झाला तरी. मॅडमनी टिश्यू वाचला, चहाचा डाग पडण्याआधी फोटो काढला आणि विचारलं, "पुन्हा म्हणजे कधी?"

पेरणीला. जूनच्या शेवटी पहिला पाऊस पडला की सगळे परततात. तेव्हा नाल्यांना पाणी असतं आणि टोकाच्या फलियापर्यंत जीप जात नाही. दीदीला फोन लावून विचारलं. ती म्हणाली, या की, मोटरसायकलवाला भाचा आहे, फक्त त्याचं पेट्रोल आधीच द्यायला लागेल.